तेजोमेघ, दुर्बीण आणि फिल्टर

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)



गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये, असे आपण मानतो. तेजोमेघ पाहणाऱ्याने तर तो इतर दिवशीही टाळावा! चंद्राच्या आणि शहरातल्या दिव्यांच्या उजेडात हे अंधुक मेघ बुडून जातात. मुलांच्या हट्टापायी घेतलेली दुर्बीण चंद्र-शनी पाहून झाले की माळ्यावर जाते, ती बहुधा याच निराशेने.

मग कोणी सुचवते, फिल्टर घ्या. पण फिल्टर प्रकाश वाढवत नाही, उलट कमीच करतो. मग उपयोग काय?

१८६४ साली विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यांसारखा सप्तरंगी पट्टा न दिसता मोजक्या तेजस्वी रेषाच दिसल्या. हा मेघ म्हणजे विरळ वायू होता. त्यातली हिरवी रेषा कोणाची, हे कोडे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा. असे मेघ डोळ्यांना दिसतात ते मुख्यतः ऑक्सिजनच्या ४९६ व ५०१ आणि हायड्रोजनच्या ४८६ नॅनोमीटर प्रकाशात. यूएचसी फिल्टर एवढाच पट्टा आत सोडतो आणि बाकीचा बराचसा प्रकाश अडवतो. आकाश काळे पडते, मेघ उठून दिसतो.

जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश सहज अडतो. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा-हिरवाही असतो, त्यामुळे गच्चीवर फायदा कमी. देवयानी दीर्घिका, तारकागुच्छ, कृत्तिकांभोवतीचा मेघ यांचा प्रकाश ताऱ्यांचाच, म्हणजे सर्व रंगांचा. तिथे हा फिल्टर कामाचा नाही.

म्हणून खर्चाआधी क्रम लक्षात ठेवा. शहराबाहेर जा. अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्या. २५ मिलिमीटरचा, कमी वर्धनाचा आयपीस लावा. मेघाकडे किंचित तिरक्या नजरेने पाहा. फोटोतले रंग दिसणार नाहीत, राखाडी धूसर ठिपका दिसेल. त्यानंतरच फिल्टर घ्या. तो आयपीसच्या खालच्या आट्यांत बसतो, तेव्हा सव्वा इंची माप जुळते का पाहा. छोट्या दुर्बिणीला आधी यूएचसी बरा. ओ-थ्री फिल्टरने चित्र फार काळवंडते.

एक गोष्ट पालकांनी विसरू नये. या फिल्टरमधून सूर्याकडे कधीही पाहू नये, दृष्टी कायमची जाऊ शकते. आयपीसला लावायचा ‘सन फिल्टर’ दुर्बिणीसोबत आला असेल तर तोही वापरू नका, उष्णतेने तो तडकू शकतो.

अनंत चतुर्दशीनंतर पितृपंधरवडा, म्हणजे कृष्णपक्ष. चार-पाच दिवसांनी संध्याकाळ चंद्राविना मिळते. ढग नसतील तर धनू राशीतला एम-८ तेजोमेघ शोधा. थंडीत मृगातल्या बाणाजवळचा एम-४२ पाहा, तो तर फिल्टरविनाही छान दिसतो. तेव्हा माळ्यावरची दुर्बीण आधी खाली काढा, फिल्टरचे नंतर बघू.

गणपती बाप्पा मोरया!