जकात : दान की देणे?



जकात म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाका उभा राहतो. गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून माल भरून मुंबईकडे निघालेला ट्रक दहिसरच्या नाक्यावर अडायचा, पावती फाटायची, मग गाडी पुढे. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. शब्द मात्र मराठीत मुरलेला आहे. तो मूळचा अरबी. शुद्धी आणि वाढ असे त्याचे दोन्ही अर्थ. रमजानात मुसलमान बांधव काढतात ती जकात आणि नाक्यावरची जकात, शब्द एकच. आपल्या भाषेने त्याला दानाच्या नव्हे तर कराच्या पंक्तीला बसवले, यात आम्हांला मोठे शहाणपण दिसते.

आम्ही मौलवी नव्हे, युनियनची वर्गणी गोळा करणारे. त्यामुळे आमचे लक्ष आधी हिशेबाकडे गेले. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या मोलाची संपत्ती, एक चांद्रवर्ष ज्याच्याजवळ राहिली त्याने चाळिसावा हिस्सा काढायचा. राहते घर वगळले, कारागिराची हत्यारे वगळली. म्हणजे गाळ्यातले लेथ यंत्र मोजायचे नाही, विक्रीसाठी रचलेला माल मोजायचा. शेतीचा नियम तर ऐकण्यासारखा आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, पण पाणी ओढून, कष्टाने भिजवलेल्या पिकाचा विसावा. घाम गाळला की आकारणी निम्मी! आम्ही आयुष्यभर मागण्यांचे खलिते लिहिले, पण हे कलम आम्हांला कधी सुचले नाही.

घेणारेही ठरलेले आहेत, आठ प्रकारचे. त्यांत गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत, वाटेत अडकलेला मुसाफिर आहे, पूर्वी गुलामाची सुटका होती, आणि वसुली करणाऱ्या माणसाची मजुरीही आहे. कुराणाने श्रीमंताच्या धनात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क सांगितला आहे. इ. स. ६३२ मध्ये पैगंबर वारले, तेव्हा काही टोळ्यांनी जकात नाकारली. पहिले खलिफा अबू बकर यांनी त्यांच्याशी युद्ध केले. पाकिस्तानात १९८० पासून सरकार ती बँकेतल्या ठेवींतून कापून घेऊ लागले. आपल्याकडे ती ज्याच्या त्याच्या इमानावर सोडलेली आहे.

इमानावर सोडलेल्या गोष्टीचे काय होते, ते आम्ही पाहिले आहे. एका कारखानदाराने आम्हांला ऐकवले, "ईदला कामगारांना वाटतो ती माझी जकात. वर आणखी बोनस कशाचा?" बोनस हा हक्क म्हणून १९६५ च्या कायद्याने मान्य केला, हे तर आम्ही सांगितलेच. पण त्याच्याच धर्मशास्त्रात त्याला उत्तर होते. आईबापांना किंवा पोटच्या मुलांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणे हे आधीचेच कर्तव्य. मजुरीही तशीच. जे तुम्ही देणे लागता ते जकातीच्या खाती टाकता येत नाही, आणि कामाचा मोबदला म्हणून जे दिले ती जकात होत नाही. गरजू कामगाराला जकात जरूर द्यावी. ती पगारावर, पगाराऐवजी नव्हे. गृहस्थ गप्प झाले. बोनस मिळाला, पण त्यासाठी तीन बैठका लागल्या!

दुसरी गोष्ट रांगांची. रमजानात काही दारांपुढे बायाबापड्या तासन् तास उभ्या असतात, आणि देणाऱ्याचा फोटो निघतो. हक्कदाराला असे तिष्ठत ठेवणे आम्हांला पटत नाही. पगाराच्या खिडकीपुढे आम्ही हे चालू दिले नसते.

त्यापेक्षा फित्र्याची रीत आम्हांला अधिक भावते. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, कालच जन्मलेल्या तान्ह्यामागेसुद्धा, ठरलेले धान्य द्यायचे. उत्तरेकडून आलेले बहुतेक कामगार हनफी; त्यांना धान्याची किंमत दिली तरी चालते. आपले कोकणी मुसलमान शाफई. त्यांच्यात धान्यच, आणि कोकणात धान्य म्हणजे तांदूळ, माणशी अडीच-तीन किलो. शाफई मताप्रमाणे ईदच्या दिवसरात्रीपुरते खाऊन ज्याच्याकडे थोडे उरते त्या प्रत्येकाने तो द्यायचा असतो. त्यामुळे ज्या हमालाच्या घरी सकाळी तांदूळ आले, तोही त्यांतूनच मापटे भरून शेजारच्या विधवेकडे निघतो.