कृश देहातील मधुमेह
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



या विषयाचा आरंभ एका छायाचित्रापासून करणे उचित ठरेल. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन असे दोन मधुमेह-संशोधक त्यात दिसतात. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा निर्देशांक दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. रूढ मापाने दोघेही सडपातळ. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा ती युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के निघाली. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्याआधी गाठण्यासाठी केलेली धाव, अशी मिश्किल टीपही त्यासोबत होती. विनोद बाजूला ठेवला, तरी प्रश्न उरतोच. वजनकाटा ज्याला निरोगी म्हणतो, त्याच्या कातडीखाली काय दडले आहे, हे काट्याला कळत नाही.

स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्शुलिन हे संप्रेरक स्रवतात. रक्तातील साखर स्नायूंमध्ये पोहोचवणे हे त्याचे प्रमुख कार्य. स्नायू कमी आणि चरबी अधिक असली, की त्या आज्ञेला शरीर नीट दाद देत नाही. मग तेच काम करून घेण्यासाठी बीटा पेशींना जादा इन्शुलिन स्रवावे लागते. ही ओढाताण वर्षानुवर्षे चालते आणि पेशी थकल्या, की मधुमेह प्रकट होतो. मुलींच्या बाबतीत याच जादा इन्शुलिनचा परिणाम बीजांडकोशांवरही होतो. तेथे पुरुषी संप्रेरके वाढतात, पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर लव येते. पीसीओएस या नावाने घरोघरी परिचित झालेला विकार अनेकींच्या बाबतीत मधुमेहाचाच सख्खा शेजारी असतो. त्याला केवळ सौंदर्याचा प्रश्न समजणे ही मोठी चूक होय.

भारतीय देहाची ही घडण होते तरी केव्हा? बैठी नोकरी, तळलेले पदार्थ, शहरी जीवन ही उत्तरे सर्वांना पाठ आहेत आणि ती खोटीही नाहीत. परंतु पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जे काम आरंभले, त्याने उत्तर बरेच मागे नेले. तेथील विवाहित स्त्रियांची मापे गर्भधारणेपूर्वीच घेण्यात आली; त्यांचा आहार, शेतातील कष्ट, पाणी भरणे यांच्याही नोंदी झाल्या. पुढे जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले; इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. ही बालके सर्वच बाबतींत लहान असतील, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान राहिले होते, मात्र पाठीवरील कातडीखालच्या चरबीत त्या मानाने फारच थोडी घट होती. पुढच्या एका तुलनेत पुण्याच्या बालकांच्या नाळेतील रक्तात इन्शुलिनही अधिक आढळले. म्हणजे पाळण्यातले मूल दिसायला किडकिडीत, परंतु घडणीने चरबीचे. गर्भाला पोषण अपुरे मिळाले, की तो मेंदू जपतो, चरबी राखतो आणि स्नायूंवर काटकसर करतो, असा याचा अर्थ लावला जातो.

या अभ्यासातील एक निष्कर्ष मराठी स्वयंपाकघराने विशेष ध्यानी घ्यावा असा आहे. ज्या गर्भवतींच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बालके अधिक भरलेली जन्मली. एकूण उष्मांकांचा संबंध त्या मानाने क्षीण होता. नुसत्या भाकरी वाढवून भागत नव्हते. सोबत काय आहे, हे महत्त्वाचे ठरत होते. रक्ततपासणीत सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. फॉलिक आम्लाची उणीव मात्र जवळजवळ नव्हतीच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फॉलिक आम्ल भरपूर होते, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा अवरोध सर्वाधिक होता. ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी घरात त्याचा आधार म्हणजे दूध, दही, ताक. ते परवडत नसेल किंवा आवडत नसेल, तर गोळीला पर्याय नाही. फॉलिक आम्लाची गोळी बंद करावी, असा याचा अर्थ कोणी लावू नये. बाळाच्या मज्जारज्जूच्या रक्षणासाठी ती आवश्यकच आहे. प्रश्न तिच्या जोडीदाराचा आहे.

हीच बालके अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. जवळजवळ निम्म्यांचे, म्हणजे ४८ टक्क्यांचे, वजन प्रमाणापेक्षा कमी होते. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेबाहेर गेलेली होती. त्यांतील बहुतेक पूर्वमधुमेही होते, काहींना मधुमेहच झाला होता. खेड्यातील, सडपातळ, नुकती मिसरूड फुटलेली ही मुले. ‘वजन उतरवा’ हा सरसकट सल्ला यांना कोणत्या तोंडाने द्यावा?

कृश माणसाच्या मधुमेहाला शास्त्रात स्थान मिळणेही सोपे गेले नाही. कुपोषणाशी निगडित मधुमेह असा वर्ग जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली मानला आणि १९९९ साली यादीतून वगळला. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. यांच्या शरीरात इन्शुलिन कमी तयार होते, परंतु त्याची चाल पहिल्या आणि दुसऱ्या या दोन्ही परिचित प्रकारांहून वेगळी आहे, असे २०२२ साली त्यांनी दाखवले. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. नाव मिळाले म्हणजे उपचार सापडला असे नव्हे. पण ज्याला नाव नसते त्याची मोजदादही होत नाही.

या शाळेचे माजी विद्यार्थी देशभर विखुरलेले आहेत, म्हणून राज्यवार चित्रही पाहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या सर्वेक्षणाने २०२३ साली देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आणि पूर्वमधुमेहींची १३.६ कोटी असल्याचा अंदाज दिला. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, सर्वांत कमी उत्तर प्रदेशात, ४.८ टक्के. परंतु त्याच उत्तर प्रदेशात पूर्वमधुमेह १८ टक्के आहे. तेथील नातलगांनी निश्चिंत व्हावे, असा हा आकडा नाही.

पूर्वमधुमेह अटळ मात्र नाही. चेन्नईत पूर्वमधुमेही व्यक्तींवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विशेष उपाय न केलेल्या गटातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणे यांचा नियमित पाठपुरावा झालेल्या गटात हेच प्रमाण ३९.३ टक्के राहिले. चाळिशी उलटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वजनकाट्यापेक्षा टेपवर अधिक विश्वास ठेवावा: कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की शरीर कितीही बारीक दिसो, रक्तातील साखर तपासून घ्यावी.

पालकांसाठी महत्त्वाचा भाग याच्याही आधीचा आहे. गर्भधारणा लक्षात येईपर्यंत गर्भाच्या घडणीचे पहिले आठवडे उलटून गेलेले असतात. डॉक्टरांकडे नाव नोंदवल्यावर सुरू केलेल्या गोळ्या त्या आठवड्यांसाठी उशिराच्या ठरतात. म्हणून पुण्याच्या गटाने आपला पुढचा प्रयोग गर्भवतींवर न करता थेट त्या खेड्यांत वाढलेल्या किशोरवयीन मुलामुलींवर केला. त्यांना रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम ब-१२ असलेली गोळी देण्यात आली. काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्येही, तर काहींना तुलनेसाठी औषधरहित गोळी. मुलींना ती पहिले बाळंतपण होईपर्यंत मिळत राहिली. ब-१२ मिळालेल्या मातांची मुले दोन वर्षांची झाल्यावर बौद्धिक विकासाच्या काही कसोट्यांत सरस ठरली. त्यांना मधुमेह कमी होईल का, याचे उत्तर ती मोठी झाल्यावरच मिळेल. १९९३ साली ज्यांच्या आज्यांची मापे घेतली गेली, त्या नातवंडांतील थोरली आता पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली आहेत.