नारळ उभा राहिला म्हणून पाणी लागलं?

मागच्या आठवड्यात जालन्याहून बाबांचा फोन आला. "रविवारी पाणाड्या येतोय. अजून एक बोअर घेऊ. थोडे पैसे उसने घ्यावे लागतील." मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण डोकं लगेच शेतात गेलं.

हा पाणाड्या आमच्या घरचा हिरो. पहिल्या बोअरच्या वेळी त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला आणि तिथंच पाणी लागलं. ही गोष्ट सगळ्या गावाला पाठ आहे. काकांचे दोन बोअर त्यानंच दाखवले, दोन्ही कोरडे गेले. ते कुणी सांगत नाही. विचारलं तर उत्तर तयार, "मशीन दोन फूट सरकली."

इथं दोन चुका होतात. एक, आधी नारळ उभा राहिला, मग पाणी लागलं, म्हणून नारळानंच पाणी दाखवलं असं आपण धरतो. दुसरी, जमलेलं मोजतो, फसलेलं विसरतो. मी पण करतो हे. सर्व्हर रिस्टार्ट केला, बग गेला, झालं! चार दिवसांनी तोच बग परत हजर.

आपल्या जालन्याखाली बेसॉल्ट आहे, म्हणजे काळा पाषाण. त्यातलं पाणी भेगांत आणि मुरमाच्या थरांत असतं. समजा, एका शिवारात कुठंही 10 बोअर मारले आणि 6 ला पाणी लागलं. मग डोळे मिटून बोट दाखवणाराही 10 पैकी 6 वेळा बरोबर ठरेल. म्हणून खरा प्रश्न असा, नारळ नसता तर किती वेळा लागलं असतं?

जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये याची परीक्षा झाली. कोठारात खाली पाण्याचा पाइप सरकवायचा, वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं जागा सांगायची. सुमारे 500 जणांतून निवडलेले 43 जण, 843 प्रयत्न. परीक्षा घेणारे म्हणाले, काहींना जमतं. पण अमेरिकन शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी सगळेच आकडे तपासले, तर निकाल अंदाजपंचे सांगितल्यासारखाच निघाला.

बाबांना मी "सगळं खोटं आहे" म्हणालो नाही, भांडणच झालं असतं. म्हणालो, "बाबा, एक वही घ्या. शिवारातला प्रत्येक बोअर लिहा. जागा कुणी दाखवली, किती फूट, पाणी लागलं का. कोरडे पण लिहा. आणि पैसे उसने घ्यायच्या आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांना विचारा." तेही चुकू शकतात, पण ते निदान खडक तपासून सांगतात.

रविवारचा बोअर पुढं ढकललाय. वहीतल्या पहिल्या दोन ओळी काकांच्या आहेत.

तुमच्या घरातला नारळ कोणता? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.