एकाच ताग्याची पारख

(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



आम्ही गिरणीतले कामगार. कापडात खोट दिसली की दुसरा तागा उलगडून बघायचो. विश्वाचा अभ्यास करणाऱ्यांची पंचाईत अशी, की त्यांच्याकडे तागा एकच! दुसरं विश्व आणून ताडून बघता येत नाही. मग सिद्धांत खरा की खोटा हे ठरवायचं कसं?

१९४८ साली इंग्लंडमध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व पसरते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहते, म्हणून ते सर्व काळी सारखेच दिसते. विरोधी पक्ष म्हणे, विश्व एकेकाळी अतिशय दाट आणि तापलेले होते. आता लांबून आलेला प्रकाश जुना असतो. तेव्हा लांबचे बघा. ते आजच्यापेक्षा वेगळे निघाले तर स्थिर स्थिती पडली. आपण कुठे पडू हे या सिद्धांताने स्वतःच सांगून ठेवले, हे आम्हाला फार आवडले.

केंब्रिजचे मार्टिन राईल यांनी रेडिओ लहरी सोडणारे उगम मोजले. १९५५ साली सुमारे दोन हजारांची यादी झाली. अंधुक उगम फारच जास्त आहेत, तेव्हा स्थिर स्थिती चुकली, असे त्यांनी जाहीर केले. पण सिडनीच्या मंडळींची यादी तिच्याशी जुळेना. राईल यांचे उपकरण जवळजवळचे उगम एकत्र करून दाखवत होते. फेरमोजणी झाली. १९६१ साली अंधुकांचा आकडा खाली आला, तरी जास्तच राहिला. त्यावर हॉयल आणि त्यांचे विद्यार्थी, आपले कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर, म्हणाले की उगम सगळीकडे सारखे विखुरलेले नसतील, तर असाच आकडा येईल.

शेवटी राईलच बरोबर ठरले, मग १९५५ ची चूक कशाला उगाळता, असं कुणी विचारेल. आम्हाला ते पटत नाही. उत्तर बरोबर आलं म्हणून खोटी मोजणी खरी होत नाही.

१९६५ साली अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना अँटेनात सर्व दिशांनी येणारी खरखर सापडली. कबुतरांची घाण साफ केली तरी जाईना! तापलेल्या विश्वाची ती उरलेली ऊब म्हणावी, तर मोजली होती एकाच तरंगलांबीवर. अनेक तरंगलांबींवरचा चोख आलेख कोबे उपग्रहाने १९९० साली दिला, आणि तो तंतोतंत जुळला.

तरी त्या उबेतले सर्वात मोठे चढउतार तपासायचे, तर आकाशात तसे पट्टे मोजकेच बसतात. दुर्बीण कितीही चांगली आणा, तागा तेवढाच.