पडद्यावरची हरवलेली नगरे आणि पायाखालचे नगर



नोव्हेंबर १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ ही मालिका सुरू झाली. श्याम बेनेगल यांनी सिद्ध केलेले तिचे ५३ भाग पंडित नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथावर आधारलेले होते. तो ग्रंथ लिहिला गेला अहमदनगरच्या किल्ल्यातील बंदिवासात. जवळ मोजकी पुस्तके, बाहेर पहारा, आणि डोळ्यांपुढे पाच हजार वर्षांचा देश! त्या बंदिवासातून निघालेली सिंधू संस्कृती आणि विजयनगर ही चार दशकांनंतर घरोघरच्या लहान पडद्यावर अवतरली. पाठोपाठ ‘सुरभि’ आली आणि एका सांस्कृतिक कार्यक्रमाच्या प्रश्नांना उत्तरे म्हणून लाखो पोस्टकार्डे जाऊ लागली. पुढे केबलच्या तारेतून परदेशी वाहिन्या आल्या आणि माचू पिचू, पाँपेई, ट्रॉय, इजिप्तमधील राजांच्या दरीतील थडगी ही नावे बेळगाव-निपाणीच्या शाळकरी मुलांच्याही ओठी आली.

या मालिकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. इतिहास म्हणजे सनावळी, या समजुतीला त्यांनी मोठा तडा दिला. परंतु त्यांनी एक नवी समजूतही रूढ केली आणि ती तपासून पाहण्याजोगी आहे. ‘हरवलेले शहर’ हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग. आकाशातून कॅमेरा खाली उतरतो, वाळू किंवा अरण्य दिसते, ढोल वाजू लागतो, आणि निवेदक गंभीर स्वरात सांगतो की, शेकडो वर्षे जगाला ठाऊक नसलेले हे नगर अमक्या धाडसी प्रवाशाने शोधून काढले. प्रश्न असा की, कोणाला ठाऊक नव्हते? हायरॅम बिंगॅम १९११ मध्ये माचू पिचूच्या डोंगरावर चढला, तेव्हा तेथील जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांत शेतकरी कुटुंबे पीक काढीत होती. वाट दाखवणाराही स्थानिकच होता. महाराष्ट्रातील उदाहरण अजिंठ्याचे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी ‘शोधली’ असे पाठ्यपुस्तक सांगते. पण त्या खोऱ्यात गुरे चारणाऱ्यांना ती लेणी कधी हरवलेलीच नव्हती. हरवले होते ते त्यांचे वाचन. ती कोणाची, केव्हाची, कशासाठी, हे सांगणारी स्मृती तुटली होती.

जागा डोळ्यांपुढे असते आणि तिचा अर्थ लोपलेला असतो, अशी ही अवस्था होय. ती पाहण्यासाठी पेरूला जावयास नको. बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला, वडगावपर्यंत गेले तरी पुरे.

वडगाव म्हणजे विणकरांची वस्ती. गल्लीतून जाताना यंत्रमागांचा खडखडाट अखंड ऐकू येतो, साड्यांचे गठ्ठे हलत असतात. या वडगाव-माधवपूरच्या परिसरात १९७० च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अ. सुंदर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आले. विटांची बांधकामे, नाणी, मृद्भांडी असा तो ऐवज. त्याच परिसरातील एका दगडी स्तंभावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेला लेख आहे. त्यात वाजपेयादी यज्ञ केल्याचा उल्लेख येतो. बेळगावचे वेणुग्राम हे नाव शिलालेखांत येते ते पुष्कळ नंतर. रट्ट राजांनी आपली राजधानी सौंदत्तीहून येथे आणली, त्यांचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास किल्ल्यातील कमल बस्ती बांधली, हा इतिहास सर्वांच्या परिचयाचा. पण त्याच्याही मागे हजार वर्षे येथे एक नांदते नगर होते. यज्ञ करणारे होते, वीट भाजणारे होते, नाणे मोजून घेणारे होते.

त्या स्तंभाच्या भाषेविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण या भागात भाषेचा विषय निघाला की आवाज आपोआप चढतो. लेख प्राकृतात आहे. तो आजच्या मराठीत नाही आणि कन्नडमध्येही नाही. सातवाहनांच्या राज्यात पैठणपासून कृष्णेच्या मुखापर्यंत लेखांसाठी हीच भाषा वापरली जाई, मग घरात कोणी काहीही बोलो. जुन्या दगडाला आजच्या वादात साक्षीला उभे करणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, आधी तो दगड वाचावा, एवढेच येथे म्हणता येईल.

आता या नगरावर मालिका का निघत नाही? कारण दाखवायला काही नाही. हंपीला कॅमेऱ्यापुढे रथ आहे, कमानी आहेत, १५६५ च्या विध्वंसाची कथा आहे. वडगावात विटांच्या ओळी सापडल्या, मडक्यांचे तुकडे सापडले. आणि वर आज दाट वस्ती आहे. मातीचा तुकडा पडद्यावर अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक टिकत नाही. परंतु पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला त्या तुकड्याचा रंग, भाजणी आणि काठाची घडण यांवरून शतक ठरवता येते. मूर्ती हलवता येते, विकता येते, दुसऱ्या देवळात नेऊन बसवता येते. फुटके मडके मात्र जेथे फुटते तेथेच राहते, म्हणून त्याची साक्ष अधिक भरवशाची.

बेळगावहून निघून संकेश्वर, निपाणी करीत कोल्हापूरला जाणारा रस्ता सुमारे ११० किलोमीटरचा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी मागे टाकून तासाभरात पंचगंगेच्या काठी पोचता येते. तेथे ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. टेकडीच्या पोटात सातवाहनकालीन घरे होती. त्या सुमारासच ब्रह्मपुरीत एक लहानशी कांस्यमूर्ती मिळाली होती. ती समुद्रदेव पोसायडनची, रोमन जगातून आलेली. समुद्र कित्येक कोस दूर, मध्ये सह्याद्रीची भिंत. आणि पंचगंगेच्या काठी हा परक्या सागराचा देव! कोकणातील बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून येथवर येत असे, याचा याहून बोलका पुरावा कोणता? हत्तीवर बसलेल्या स्वारांची सुंदर कांस्यकृतीही तेथलीच. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात हा ठेवा पाहावयास मिळतो. अंबाबाईच्या दर्शनाला दरवर्षी जाणाऱ्यांनी एकदा तरी तेथे वाट वाकडी करावी.

कोल्हापूर परिसरात सापडलेल्या नाण्यांवर धनुष्यबाण आहे आणि विळिवायकुर असे एक नाव आहे. दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा भूगोलकार टॉलेमी हा बलिओकुरोस नावाच्या राजाचे नगर म्हणून हिप्पोकुराचा निर्देश करतो, आणि अनेक विद्वान हा बलिओकुरोस म्हणजे विळिवायकुरच मानतात. ग्रीक लेखणीत वाकडे झालेले नाव आणि शिशाच्या नाण्यावरचे नाव अठराशे वर्षांनी एकमेकांना भेटले. ही भेट एखाद्या अभ्यासिकेत, दोन पुस्तके शेजारी उघडी ठेवून झाली. तेथे कुदळ नव्हती, कॅमेराही नव्हता.

अशा वाचनाचे सर्वांत समृद्ध उदाहरण मात्र खानापूर तालुक्यात आहे. हलशी हे आजचे गाव. पूर्वीचे पलाशिका, प्राचीन कदंबांच्या राजधान्यांपैकी एक. हलशीबाहेर, नंदगडच्या वाटेवर, चक्रतीर्थ नावाच्या विहिरीजवळच्या मातीच्या ढिगात गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात ताम्रपट सापडले. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जे. एफ. फ्लीट यांनी ते वाचून ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये छापले. त्यांतील एक पट काकुस्थवर्म्याचा. श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीने आपले प्राण वाचवले म्हणून त्याने त्याला खेटग्रामातील एक शेत दिले. दुसरा मृगेशवर्म्याचा. त्याने पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधले आणि ३३ निवर्तने जमीन यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन साधुसंघांना दिली. तिसरा रविवर्म्याच्या काळचा. दरवर्षी कार्तिकात आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव व्हावा, त्यासाठी एका गावाचे उत्पन्न लावून द्यावे, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधूंच्या अन्नाची व्यवस्था व्हावी, असा त्यात निर्बंध आहे.

खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या शेवटच्या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. चार चार महिने सूर्य दिसत नाही, ओढे भरून वाटा बंद होतात. अशा दिवसांत भिक्षेवर जगणाऱ्याने जावे कोठे? पंधराशे वर्षांपूर्वीच्या राजशासनात हा पाऊस जसाच्या तसा उतरला आहे. हिरव्या पडलेल्या तांब्याचा पत्रा कॅमेऱ्याला दिसेल. त्या पत्र्यातला पाऊस वाचणाऱ्यालाच दिसतो.

आणि हे नगर कसे ‘हरवले’? ना भूकंप, ना ज्वालामुखी, ना एखाद्या शापाची कथा. प्राचीन कदंबांची सत्ता चालुक्यांपुढे मावळली, राजधानीचे महत्त्व गेले. गाव उरले. पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळी, बाराव्या शतकात, त्याला पुन्हा बरे दिवस आले. समोरासमोरच्या दोन गाभाऱ्यांत वराह आणि नृसिंह असलेले भूवराह-नृसिंहाचे देऊळ त्या काळचे. मग तेही वैभव ओसरले. मालिकांना प्रलय आवडतो, कारण तो तासाभरात संपवता येतो. प्रत्यक्षात बहुतेक नगरे राजा हलला, व्यापाराची वाट बदलली, बंदर गाळाने भरले, अशा साध्या कारणांनी लहान होत जातात. त्यांची गावे होतात, गावांची शेते होतात. नांगराच्या फाळाला वीट लागते, शेतकरी ती बांधावर ठेवतो.

नाव तेवढे कधीकधी मागे राहते. कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी. हे तगर कोठले? ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ या वृत्तांतात पैठणबरोबर त्याचे नाव येते, म्हणून विद्वानांनी ते जुन्नर, धारूर, एवढेच काय कोल्हापूरलाही शोधून पाहिले. शेवटी १९०१ मध्ये फ्लीट यांनीच उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे तगर असे दाखवून दिले. त्या तेरमध्ये पुढे रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या व्यापाऱ्याने, पावसाने उघड्या पडलेल्या आणि गावकऱ्यांच्या हाती लागलेल्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या. त्यांच्या संग्रहातूनच तेथील सरकारी वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा पाहिली की पाँपेईच्या राखेतून १९३८ मध्ये निघालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण होते. भोकरदनलाही तशीच मूर्ती मिळाली असल्याने पाँपेईची ती मूर्ती याच प्रदेशातून गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई गाडले, हे प्रत्येक मालिका सांगते. त्या गाडलेल्या घरात दख्खनचे हस्तिदंत होते, हे सांगायला तिला सहसा सवड होत नाही.

लामतुरे यांच्यासारखा माणूस प्रत्येक गावाला लाभत नाही. घराचा पाया खणताना जुनी वीट, मणी किंवा नाणे लागले की बहुधा दोनच गोष्टी घडतात. वस्तू सोनाराकडे जाते, नाहीतर जागा सरकारजमा होईल या भीतीने खड्डा त्याच रात्री बुजतो. वस्तुतः १८७८ च्या निधीविषयक कायद्यानुसार जमिनीत १० रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ऐवज सापडला, तर तो जिल्हाधिकाऱ्यांस कळवणे सापडणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि मालक पुढे न आल्यास त्यात सापडणाऱ्याचा हक्कही मानलेला आहे. ही दुसरी बाजू लोकांना कोणी सांगत नाही. वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत जुन्या घरांच्या जागी नव्या इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांचे पाया पूर्वीपेक्षा खोल जातात. सातवाहनांच्या काळची माती ट्रॅक्टरमधून भरावाला गेली की तिचा शतकनिर्णय करणे पुन्हा कोणालाही शक्य नाही. मालिकेचा भाग चुकला तर तो पुन्हा दाखवला जातो. मातीच्या थराचे तसे नाही.

या कामी वाचनालयाने काय करावे, असे कोणी विचारील. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा आहे. तो १८८४ मध्ये निघाला. हलशी त्यात आहे. वडगावच्या उत्खननाची त्यात एक ओळही असणे शक्य नव्हते, कारण ती कुदळ पडावयास अजून नव्वद वर्षे होती. तो खंड कपाटात जेथे असेल, तेथे त्याच्या शेजारी एक कोरी वही ठेवावी. आणि कोणत्या गल्लीत, किती हात खोल, काय लागले, हे ज्याला ठाऊक असेल त्याने येऊन तारीख घालून तीत लिहावे.