संशोधनाचा निधी आणि पाड्यावरचे अपंग

(जव्हार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अपंगांच्या पुनर्वसनासाठी संशोधन व्हावे, हे आता कोणाला पटवून देण्याची गरज राहिलेली नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या ४८ व्या कलमाने सरकारांवर आणि स्थानिक स्वराज्य संस्थांवर ती जबाबदारीच टाकली होती. अपंगत्वाचा प्रतिबंध, समाजाधारित पुनर्वसन, साहाय्यक साधनांचा विकास, अपंगांना करता येतील अशा कामांचा शोध हे संशोधनाचे विषयही त्या कलमात नमूद होते. ४९ व्या कलमाने विद्यापीठांना, उच्च शिक्षणसंस्थांना आणि बिनसरकारी संशोधन संस्थांना त्यासाठी अर्थसाहाय्य द्यावे असे सांगितले. त्या कायद्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या २८ व्या कलमात ही जबाबदारी कायम आहे. इतकेच नव्हे, तर असे संशोधन संस्थांप्रमाणे व्यक्तींकडूनही करवून घ्यावे, असा तेथे स्पष्ट उल्लेख आहे.

कायदा आहे, योजना आहेत, अधिछात्रवृत्त्या आहेत. तरीही जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर पाय ओढत चालणाऱ्या मुलापर्यंत किंवा ऐकू न येणाऱ्या बाईपर्यंत या संशोधनाचे फळ पोहोचत नाही. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर सरकारच्या घोषणांपेक्षा अनुदानाच्या नियमांत शोधले पाहिजे. हे नियम वरवर हिशेबाचे दिसतात. पण प्रश्न कोणी विचारायचा, कोणाला विचारायचा आणि मिळालेले उत्तर कोणाच्या हाती द्यायचे, हेही तेच ठरवीत असतात.

प्रथम या दोन तालुक्यांतील अपंगत्वाचे स्वरूप पाहू. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची ही वस्ती. जमीन डोंगरउताराची, पीक नागली, वरई आणि पावसावरच्या भाताचे. ते हाती आले की दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि ठाणे-मुंबईच्या बांधकामांवर निघून जातात. आई रक्तक्षयाने पिचलेली, मूल जन्मतःच कमी वजनाचे. बाळंतपण अडले तर बाईला झोळीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते, असे पाडे अजूनही आहेत. जन्मताना श्वास कोंडलेले मूल वाचले, तरी कित्येकदा मेंदूला झालेली इजा घेऊन वाचते. पहिल्या दोन-तीन वर्षांतील उपासमार शरीराइतकीच बुद्धीची वाढही खुंटवते. येथील बरेचसे अपंगत्व असे भुकेतून, अंतरातून आणि मजुरीतून घडलेले आहे. त्याचा अभ्यास केवळ अवयवांचा अभ्यास करून होणार नाही.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून कुपोषणाची चर्चा मुख्यतः मृत्यूंच्या आकड्यांवर चालत आली आहे. किती मुले दगावली यावर विधिमंडळात वाद होतात, न्यायालयात प्रतिज्ञापत्रे सादर होतात. पण त्याच कुपोषणातून जी मुले वाचली त्यांचे पुढे काय झाले, त्यांच्यापैकी किती जण चालण्यात, बोलण्यात, शिकण्यात कायमचे मागे राहिले, हा प्रश्न त्या चर्चेच्या कडेलाच राहिला. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग मोजले. त्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि त्यांत सिकलसेलसारखा, आदिवासी समाजात विशेष आढळणारा विकारही घेतला. म्हणजे कायद्याची व्याख्या पुढे गेली, पण तिच्याप्रमाणे पाड्यापाड्यांतील मोजदाद मागेच राहिली. संशोधनाची गरज येथूनच सुरू होते.

आता निधीची वाट पाहू. संशोधन प्रकल्पाचे अनुदान मिळण्यासाठी अर्जदार ही नोंदणीकृत संस्था असावी लागते. तिच्याजवळ लेखापरीक्षित हिशेब, त्या विषयातील पूर्वानुभव, तज्ज्ञ मनुष्यबळ आणि साधनसामग्री असावी लागते. जेथे व्यक्तीला अर्ज करता येतो तेथेही बहुधा मान्यताप्राप्त संस्थेचा आधार दाखवावा लागतो. पैसा हप्त्यांनी येतो. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नाही. सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे हे प्रमाणपत्र ठरलेल्या १२-अ नमुन्यात द्यायचे असते. यांतील एकेक नियम घेतला तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. जनतेच्या पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे, आणि तो तसा असावा ही मागणी समाजवादी कार्यकर्त्याने इतर कोणाहीपेक्षा मोठ्याने केली पाहिजे.

पण या सर्व नियमांची बेरीज काय होते? अर्ज करण्याची पात्रता मुंबई, पुणे, दिल्लीच्या संस्थांना उरते आणि जव्हार-मोखाडा हे त्यांचे 'क्षेत्र' ठरते. येथील आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेतला शिक्षक आणि स्वतः अपंग असलेला तरुण माहिती देण्यापुरते उरतात. कोणत्या घरात कोणते मूल उशिरा चालू लागले हे त्यांना तोंडपाठ असते. पण त्या ज्ञानाला अर्जात रकाना नाही.

याहून सूक्ष्म अशी एक अडचण वेळापत्रकाची आहे. मंजुरी, करार, हप्ता हे सारे होईपर्यंत आर्थिक वर्ष पुष्कळदा उताराला लागलेले असते, आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. साहजिकच पाहणी जानेवारी ते मार्चमध्ये उरकली जाते. रस्ते तेव्हा कोरडे असतात, पण पाडेही अर्धेअधिक रिकामे असतात. भट्टीवर आईबापांबरोबर गेलेले अपंग मूल पाहणीत सापडत नाही. म्हाताऱ्या आजीजवळ ठेवलेले मूल सापडते. पण त्याची नेहमीची देखभाल कोण आणि कशी करते हे सांगणारी आई तेथे नसते. अशी पाहणी कागदावर निर्दोष असू शकते, आणि तरीही तिच्यात उमटणारे गाव हे खरे गाव नसते.

अधिछात्रवृत्तीची गोष्ट याहून फार निराळी नाही. अपंग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०१२-१३ पासून सुरू झाली. तिच्यात साऱ्या देशासाठी वर्षाला २०० जागा ठेवल्या गेल्या, आणि पुढे तिची निवड राष्ट्रीय पात्रता परीक्षेशी जोडली गेली. योजना चांगली आहे. तिच्या आधाराने शिकलेल्या तरुणांचा अभिमानच वाटला पाहिजे. परंतु मोखाड्यातील एखादी कर्णबधिर मुलगी त्या परीक्षेच्या दारापर्यंत कशी पोहोचणार? तिला ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळवायचे, जेथे खुणांची भाषा येणारा शिक्षक मिळणे दुर्मीळ अशा शाळेत शिकायचे, पदवीसाठी घर सोडायचे आणि मग देशभरच्या उमेदवारांशी स्पर्धा करायची. शिडीच्या वरच्या पायरीला अनुदान आहे. खालच्या पायऱ्याच नाहीत.

या जिल्ह्याला अपंग पुनर्वसनाचा इतिहास नाही असे मात्र नाही. १९८५ साली केंद्र सरकारने जिल्हा पुनर्वसन केंद्रांची योजना सुरू केली तेव्हा महाराष्ट्रातले केंद्र तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात विरार येथे उघडले गेले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. विरार आणि जव्हार-मोखाडा दोन्ही त्याच जिल्ह्यात आले. पण विरार रेल्वेमार्गावर आणि मोखाडा सह्याद्रीच्या कुशीत. मोखाड्याच्या माणसाला उपचारासाठी नाशिकची वाट अधिक सोयीची वाटते. जिल्ह्याच्या नावावर आलेली सोय जिल्ह्याच्या टोकापर्यंत आपोआप पोहोचत नाही, हा धडा त्यातून घ्यावा.

त्या केंद्रांच्या योजनेला अमेरिकेच्या अपंगत्व व पुनर्वसन संशोधन संस्थेचे साहाय्य होते, आणि त्या देशातील नियमांत एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. तेथे १९९२ च्या कायदेदुरुस्तीनंतर अनुदान मागणाऱ्याला, अल्पसंख्य समाजांतील अपंगांच्या गरजा आपला प्रकल्प कशा भागवील, हे अर्जातच सांगावे लागू लागले. शिवाय त्या संस्थेची संशोधनवृत्ती थेट व्यक्तीला मिळते. भांडवलशाही अमेरिकेचा कित्ता गिरवण्याचे कारण नाही. तेथील गरीब अपंगांचे हालही जगाला माहीत आहेत. पण सामाजिक न्यायाची अट अनुदानाच्या नियमात लिहिता येते, आणि ती लिहिल्याने संशोधनाचा दर्जा बुडत नाही, एवढे त्यातून सिद्ध होते.

दर्जाचा हा आक्षेप नेहमी घेतला जातो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. अल्पशिक्षितांना संशोधनात घेतले तर शास्त्राचे काय होणार, असे विचारले जाते. याचे उत्तर आपल्याच देशात आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला तयार झालेल्या कृत्रिम पायामागे डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या शल्यज्ञानाइतकाच रामचंद्र शर्मा या फारसे न शिकलेल्या कारागिराचा हात होता. परदेशी बूट चढवलेला पाय शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही, त्याला अनवाणी चालता आले पाहिजे आणि उकिडवे बसता आले पाहिजे, या जाणिवेतून तो घडला. दुसरे उदाहरण महाराष्ट्राचेच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. श्वास कोंडलेल्या बाळाला श्वास देणे हाही त्या कामाचा भाग होता. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगाने त्या पद्धतीची दखल घेतली. गावातली बाई संशोधनात आली म्हणून शास्त्र कमी झाले नाही. ती आली म्हणूनच ते शक्य झाले.

मग नियमांत काय बदलावे? पहिली गोष्ट ग्रामसभेची. जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रातील तालुके आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामपंचायतीला तिच्या योजनांवर झालेल्या खर्चाचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घेणे बंधनकारक केले. जो न्याय गटार-रस्त्याच्या पैशाला लागू, तो माणसांच्या शरीरावर आणि आयुष्यावर चालणाऱ्या अभ्यासाला का लागू नसावा? अनुसूचित क्षेत्रात झालेल्या अपंगत्वविषयक प्रकल्पाच्या उपयोगिता प्रमाणपत्राला ग्रामसभेचे प्रमाणपत्र जोडलेले असावे. काय शोधले आणि गावाला काय सांगितले, एवढे दोनच प्रश्न ग्रामसभेने विचारले तरी पुरे.

दुसरी गोष्ट, तालुका पातळीवर लहान रकमेची संशोधनवृत्ती असावी. तिला राष्ट्रीय परीक्षेची अट नसावी. स्थानिक भाषा येणे ही मात्र अट असावी. जव्हार-मोखाड्यात महाविद्यालये आहेत, शासकीय रुग्णालये आहेत. हिशेबाची आणि मार्गदर्शनाची जबाबदारी त्यांच्याकडे देता येईल. तिसरी गोष्ट, अंदाजपत्रकात बुडालेल्या मजुरीची भरपाई, प्रवासखर्च आणि दुभाषी यांसाठी स्वतंत्र तरतूद असावी, आणि पहिला हप्ता माणसे पाड्यावर असतील अशा बेताने सुटावा. चौथी गोष्ट, निष्कर्ष मराठीत छापून आणि वारली-कोकण्यांना त्यांच्या बोलीत सांगून गावाला परत करावेत.

हे नियम बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. २०१६ च्या कायद्याचे सहावे कलम आजही हाताशी आहे. अपंग व्यक्तीची मुक्त आणि समजून दिलेली संमती, तीही तिला कळेल अशा रीतीने घेतलेली, आणि अपंगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी असल्याशिवाय तिच्यावर कोणतेही संशोधन करता येत नाही. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः अपंग किंवा अपंगांच्या नोंदणीकृत संघटनांचे असले पाहिजेत. प्रश्नावली घेऊन पाड्यावर आलेल्या प्रत्येकाकडे कार्यकर्त्याने हे परवानगीपत्र नम्रपणे मागावे. संशोधकाला अडवण्याचा त्यात हेतू नाही. तो पाहुणा असला तरी कायद्याला बांधलेला पाहुणा आहे, याची दोघांनाही आठवण राहावी.

आणि शेवटी, मोजदादीचे काम कार्यकर्त्यांनी स्वतः हाती घ्यावे. भाद्रपद-आश्विनात, माणसे स्थलांतराला निघण्यापूर्वी, पाडानिहाय नोंदवही तयार करावी: कोणाला काय अडते, प्रमाणपत्र आहे की नाही, नसेल तर किती फेऱ्या झाल्या, भट्टीवर जाताना त्या माणसाची सोय कोण पाहते. घरच्यांच्या संमतीने लिहिलेली ही वही ग्रामसभेपुढे ठेवावी आणि तिचा गोषवारा, नावे वगळून, प्रकल्प कार्यालयाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाला द्यावा. संशोधनाला पैसा मागणारी गावे बरीच असतील. ज्या गावाजवळ स्वतःचा प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहिलेला आहे, त्याला परत पाठवणे कोणत्याही कचेरीला सोपे जाणार नाही. येत्या पावसाळ्यानंतर निदान एका पाड्यापासून हे काम सुरू व्हावे.