डिकीचें रबर



आयुष्याचीं अडतीस वर्षें मीं फळ्यासमोर उभें राहून बोलण्यांत घालविलीं. समोर मुलें असत, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून आपलें बोलणें कोठवर पोंचलें हें कळत असे. आज समोर एक यंत्र आहे. तें जांभई देत नाहीं, एवढाच काय तो फायदा. विषय माझा मींच निवडला आहे. मोटारीच्या मागील अंगास सामान ठेवण्याची जी जागा असते, जिला आपण सारे डिकी म्हणतों, तिच्या झांकणाखालीं रबराची एक पट्टी बसविलेली असते. ती जीर्ण झाली म्हणजे काय होतें आणि ती बदलावी कशी, एवढेंच मला सांगावयाचें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. मलाहि तो कित्येक वर्षें तसाच वाटत होता.

माझ्याजवळ १९७८ सालची एक प्रीमियर पद्मिनी आहे. ती मीं घेतलेली नव्हे. माझ्या थोरल्या बंधूंची. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं जी प्रीमियर कंपनी स्थापन केली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट ११०० ह्या गाडीवरून ह्या गाड्या तयार होत असत. पद्मिनी हें नांव त्यांना १९७४ पासून मिळालें. कारखान्यांतून त्या निघण्याचें बंद झालें त्याला आतां दोन तपें होऊन गेलीं. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेषांत त्या २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत दिसत होत्या. आतां ज्या उरल्या आहेत त्या बहुधा हौशी लोकांकडे, किंवा माझ्यासारख्यांकडे, ज्यांच्या पदरीं त्या वारशानें आल्या. सहा वर्षांपूर्वीं दादा वारले. पुढें महिन्याभरानें वहिनींनीं किल्ली माझ्या हातीं दिली आणि म्हणाल्या, "भावजी, ही दारांत उभी राहून गंजण्यापेक्षां तुमच्याकडे फिरती राहूं द्या."

गाडीबरोबर एक वहीहि आली. दादांनीं पहिल्या दिवसापासून भरलेल्या पेट्रोलचा, बदललेल्या टायरांचा आणि केलेल्या प्रवासांचा हिशेब तींत निळ्या शाईनें टिपून ठेवलेला होता. ती वही एका कापडी पिशवींत घालून, जॅक व पाने यांच्या शेजारीं, डिकींत ठेवण्याची त्यांची रीत होती. मींहि ती तशीच ठेवली. पुढच्याच आषाढांत एका सकाळीं डिकी उघडली तों आंत बोटभर पाणी! वही भिजून फुगली होती, आणि पहिल्या सात वर्षांचीं पानें म्हणजे एक निळा डाग झालीं होतीं. मला वाईट वाटलें; पण मीं केलें काय, तर वही वाळत घातली, डिकींत गोणपाट अंथरलें, आणि मोकळा झालों. पाणी आलें, पाणी पुसलें. ज्या वाटेनें पाणी येतें त्या वाटेनें आणखी काय येऊं शकेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाहीं.

आम्ही वाईचे. वर्षांतून पांचसात वेळां तरी पसरणीचा घाट चढून पांचगणीस जाणें होतें, आणि वहिनी बरोबर असतात. त्या नेहमीं मागच्या आसनावर बसत, आणि वर पोंचेपर्यंत त्यांचें डोकें हटकून चढे. त्या म्हणत पित्त. आम्हीहि पित्तच म्हणूं लागलों आणि आलेपाकाची पुडी जवळ बाळगूं लागलों. गेल्या वर्षीं श्रावणांत माझी नात बरोबर होती. पाऊस असल्यामुळें मागच्या खिडक्या बंद, पुढच्या दोन बोटें उघड्या. अर्धा घाट चढलों तों वहिनी पेंगूं लागल्या आणि पोर मळमळतें म्हणूं लागली. वर गेल्यावर तिला ओकारी झाली. मोकळ्या वाऱ्यावर थोडा वेळ बसतांच दोघींनाहि हुशारी वाटूं लागली. पुढें बसलेला मी मात्र ठणठणीत! एकाच बांकावरच्या दोन मुलांचें उत्तर सारखेंच चुकलें म्हणजे मास्तर मुलांकडे पाहत नाहीं, बांकाकडे पाहतो. एवढी वर्षें मास्तरकी करून ही गोष्ट मला त्या दिवशीं सुचली, ह्याची आजहि लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशीं गाडी मिस्त्रीकडे नेली. धुराच्या नळीचा एक सांधा सुटत आलेला होता. तो त्यानें लगेच दाखविला. मग डिकीच्या रबरावर नख टेकवून तो म्हणाला, "गुरुजी, हें रबर नव्हे, हें लांकूड झालें आहे."

आतां धूर तर गाडीच्या मागें सुटतो, आणि गाडी पुढें धांवते. मग तो आंत कसा येईल? मलाहि हीच शंका आली होती. कच्च्या रस्त्यावरून धांवणारी एस. टी. पाहा. धूळ उडते ती मागें, तरी गाडीच्या मागच्या कांचेवरच तिचा थर सर्वांत जाड बसतो. चालत्या गाडीच्या पाठीशीं हवेचा दाब कमी होतो. तेथें हवा भोंवऱ्याप्रमाणें फिरत राहते आणि धूळ, धूर जें कांहीं असेल तें गाडीच्या पाठीला चिकटून येतें. उलट, पुढच्या खिडक्या थोड्या उघड्या असल्या म्हणजे बाहेरून वेगानें जाणारा वारा आंतली हवा ओढून नेतो. ती तूट गाडी कोठून तरी भरून काढतेच. डिकीला फट असेल तर ती डिकींतून काढते, आणि डिकी व मागचें आसन यांच्यामध्यें माझ्या गाडींत पुठ्ठा आणि कापड यांपलीकडे कांहीं नाहीं. पेट्रोलच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां त्याला २०० पटींहून अधिक घट्ट धरून बसतें. मग डोकें दुखतें, मळमळतें, झोंप येते, आणि मात्रा वाढली तर त्या झोंपेंतून मनुष्य उठत नाहीं. आमच्या गाडींत तो किती शिरत होता हें कोणीं मोजलें नाहीं. मोजण्याची वाट पाहण्याचें कारणहि नव्हतें. एक गोष्ट मात्र नीट ध्यानांत घ्यावी: आधीं धुराची नळी दुरुस्त करावी, रबर त्यानंतर. नळी फुटकी ठेवून नुसतें रबर बदलणें म्हणजे चूल तशीच धुमसत ठेवून दारें लावण्यासारखें आहे.

नळी त्याच दिवशीं झाली. रबराचें काम मीं स्वतः करावयाचें ठरविलें, आणि तें दोनदां बिघडविलें.

प्रथम फट शोधली. ह्या कामीं माझा जुना सोबती खडू उपयोगी पडला. झांकणाची जी कड रबरावर टेकते तिला सर्वत्र खडू फांसला, झांकण लावलें आणि उघडलें. जेथें रबरावर पांढरी रेघ उमटली तेथें झांकण टेकतें. जेथें उमटली नाहीं तेथें फट. रात्रीं आंत विजेची बत्ती पेटती ठेवून बाहेरून कोठें उजेड दिसतो हेंहि पाहिलें. (बत्ती घेऊन एखाद्या पोराला आंत बसवावें असें कोणी सुचविल्यास मुळींच ऐकूं नये.) मग झारीनें पाणी घालून पाहिलें. पाणी खालून वर घालीत जावें. एकदम वरून ओतलें तर तें कोठून शिरलें हें कळत नाहीं. ह्या खटाटोपांत असें आढळलें कीं, निम्में पाणी मागच्या डाव्या दिव्याखालच्या रबरी चकतींतून येत होतें. ती चकती आधीं बदलली. डिकीचें रबर बदलूनहि पाणी येतच राहिलें अशी तक्रार करणाऱ्यांनीं दिवे आणि मागच्या कांचेचें रबर अवश्य पाहावें.

जुनें रबर हातानें ओढतांच तुकड्यातुकड्यांनीं निघालें. खालीं गंज होता. चिकटलेला गोंद लांकडाच्या चपट्या कामटीनें खरवडला आणि टर्पेंटाइनच्या फडक्यानें पुसला. थिनर वापरूं नये, तो रंगहि घेऊन जातो. गंजाला तारेचा ब्रश, मग कांचकागद, मग रेड ऑक्साइडचा हात, आणि त्यावर रंग. तो नीट वाळण्यास चार दिवस दिले. माझ्या उतावीळ शेजाऱ्यांनीं गंजावरच पट्टी चिकटवावी असा सल्ला दिला होता. गंज आंतल्या आंत पसरतो, आणि पट्टी पापुद्र्यासकट सुटून येते.

आतां रबराविषयीं थोडें. झाडाच्या चिकाचें कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होतें आणि थंडींत ताठरतें. गंधकाबरोबर तापविलें असतां हा दोष जातो, हें अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर याला १८३९ सालीं आढळलें, आणि त्यानंतरच रबर खऱ्या अर्थानें मनुष्याच्या कामाला आलें. तरीहि असें रबर ऊन आणि हवेंतील ओझोन यांपुढें टिकत नाहीं. विशेषतः जेथें तें ताणलेलें असेल तेथें आडव्या भेगा पडतात. १९६० नंतरच्या दशकांत ई. पी. डी. एम. म्हणून एक कृत्रिम रबर प्रचारांत आलें. तें उन्हाला आणि ओझोनला दाद देत नाहीं. डिकीला तेंच घ्यावें, आणि तें स्पंजासारखें असून त्याचीं छिद्रें बंद असावींत, म्हणजे तें पाणी पिणार नाहीं. त्याचा एकच शत्रु, तो म्हणजे पेट्रोल, ग्रीज व यंत्राचें तेल. रबर मऊ राहावें म्हणून त्याला तेल चोळणारे गृहस्थ मला भेटले आहेत. त्यांचें रबर फुगून लिबलिबीत झालेलें असतें. लावावयाचेंच तर सिलिकोनचें लावावें.

पुण्यास नाना पेठेंत मोटारीच्या सुट्या भागांचीं दुकानें ओळीनें आहेत. तेथें जुन्या रबराचा तुकडा न नेतां मी गेलों, ही पहिली चूक. दुकानदारानें विचारलें, "जाड देऊं कीं बारीक?" मीं म्हटलें, जाड द्या, जाड तें चांगलें! घरीं येऊन बसवून पाहतों तों झांकण लागेना. जोरानें दाबलें तर बिजागरीकडची बाजू वर उचलली गेली आणि कोपऱ्यांत पूर्वीपेक्षां मोठी फट पडली. रबर झांकणाखालीं सुमारें तिसऱ्या हिश्शानें दबावें, फार तर निम्म्यानें. त्याहून जास्त दबलें तर झांकण वांकतें, आणि दबलेलें रबर पुन्हां वर उठत नाहीं. नशीबानें तें चिकटविलें नव्हतें. परत गेलों, ह्या वेळीं जुना तुकडा खिशांत घेऊन.

दुसरी चूक अधिक शिकवणारी होती. पट्टी नेमक्या मापाची, किंबहुना थोडी तोकडीच होती. पैसे वांचले म्हणून मी ती ताणून बसविली. त्या दिवशीं सारें उत्तम दिसलें. महिन्याभरांत रबर आपल्या मूळ लांबीकडे परत येऊं लागलें. चारहि कोपऱ्यांत तें वळण सोडून आडवाटेनें आंत सरकलें आणि सांध्यापाशीं दोन टोंकांमध्यें करंगळी जाईल एवढें अंतर पडलें. खडू लावून पाहिला. चारहि कोपरे कोरे!

तिसऱ्या खेपेस मात्र घाई केली नाहीं. सुतळीनें माप घेतलें आणि वीतभर जास्त पट्टी आणली. ती गोंदाशिवाय नुसती बसवून, झांकण लावून एक रात्र ठेवली. सुरुवात कुलुपाजवळ, मागच्या सरळ कडेच्या मध्यावर केली. सांधा कधींहि कोपऱ्यांत येऊं देऊं नये. चपलांना लावतात तें पिवळसर सोल्यूशन पत्र्याला आणि रबराला दोन्हीकडे पातळ लावून, बोटाला चिकटेनासें होईपर्यंत, म्हणजे दहापंधरा मिनिटें, थांबावें; मग वीतवीतभर दाबीत जावें. एकदां चिकटलें कीं सरकवतां येत नाहीं. पट्टी ओढूं नये. कोपऱ्यांत तर उलट थोडी आंत लोटून सैल बसवावी. शेवटचें टोंक धारदार पात्यानें काटकोनांत, गव्हाच्या दाण्याएवढें लांब ठेवून कापावें, म्हणजे दोन्ही टोंकें एकमेकांना रेटून राहतात. त्यानंतर झांकण हलकेच लावून एक अहोरात्र उघडूं नये. प्रारंभीं तें थोडें जड लागतें. म्हणून आपटूं नये. माझ्या मिस्त्रीनें कुलुपाची खिट्टी दोन आटे सरकवून दिली, आणि पंधरा दिवसांत रबरहि बसलें.

ह्या पौषांत आम्ही पुन्हां पांचगणीस गेलों. वहिनी त्यांच्या नेहमींच्या जागीं, नात त्यांच्या शेजारीं. आलेपाकाची पुडी बरोबर घेतली होती. ती नातीनें घाटाच्या पायथ्याशींच खाऊन टाकली. वहिनी मात्र चढाच्या प्रत्येक वळणावर जाग्या होत्या, आणि दादा हें वळण किती सफाईनें घेत हें मला सबंध घाटभर सांगत होत्या.

ती वही मी आतां डिकींत ठेवीत नाहीं. पुसलेल्या पानांचें कांहीं करतां आलें नाहीं, पण तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, दादांनीं आखलेल्या रकान्यांतच, मीं तारीख घालून लिहिलें आहे: "डिकीचें रबर, तिसऱ्यांदां."